दुसऱ्या हाफची भाकरी

(देवळाली कॅम्प येथे आपल्या साहाय्यक मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेनंतर आपण आपल्या फुटबॉल संघाला बूट आणि जर्सी दिल्या. मुलांनी आभार सांगितले आहेत. काहींनी तर पहिले चार दिवस बूट घालून झोपण्याचा हट्ट धरला होता. आज मात्र मी बुटांसाठी उभी नाही. आज मला या मुलामुलींच्या जेवणाविषयी बोलायचे आहे. ते काय खातात, केव्हा खातात आणि न खाता किती धावतात.

आत येताना दारातच एका वडिलांनी मला विचारले, "बाई, सुवार्तेच्या कामात हा फुटबॉल कुठून आला, आणि आता फुटबॉलवाल्यांचं खाणंपिणंही?" ते समोरच बसले आहेत, म्हणून आधी त्यांना उत्तर देते. फुटबॉल आपल्या देशात आला तो पलटणींबरोबर आणि शाळांबरोबर, आणि त्या शाळांत मिशनच्या शाळा पुष्कळ होत्या. १८९१ साली टिंडेल-बिस्को नावाच्या मिशनरी मास्तरांनी श्रीनगरच्या शाळेत फुटबॉल नेला, तेव्हा तिथल्या उच्चवर्णीय मुलांनी चामड्याच्या चेंडूला पाय लावायला नकार दिला होता. पुढे तीच शाळा खेळांसाठी नावाजली. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या अनवाणी संघात बूट घालून खेळणारा एकच खेळाडू होता, सुधीर चॅटर्जी. ते ख्रिस्ती होते आणि पुढे रेव्हरंड झाले. तेव्हा वडील, फुटबॉल आपल्या घरी पाहुणा नाही.

आणि खाण्याविषयी म्हणाल, तर याईराच्या मुलीची गोष्ट आठवा. प्रभूने तिला मरणातून उठवले. घरातली माणसे थक्क होऊन उभी होती. अशा वेळी त्याने पहिली सूचना कोणती केली? हिला काहीतरी खायला द्या. इतका मोठा चमत्कार झाल्यावर आईबापांनाही जे सुचले नाही ते त्याला सुचले. एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवरची भाकरी आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खाऊ घातले, कारण पुढे होरेबपर्यंतची वाट होती. मी डिप्लोमा करत असताना या भागावर मोठमोठे निबंध लिहिले. त्यातली भाकरी मात्र मला मैदानावर कळली.

आता मैदानाकडे येते. आपल्या संघात आज ३२ खेळाडू आहेत, त्यात ९ मुली. कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा घरांतली ही मुले. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ या तालुक्यांतल्या पाड्यांवरची. काही वसतिगृहात राहून शिकतात, काहींचे आईबाप बांधकामावर आहेत आणि ते इथेच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पावसाळा संपला की पुष्कळांचे आईबाप द्राक्षबागांवर जगायला जातात. "जगायला जाणे" हा त्यांचाच शब्द आहे. मी तो मुद्दाम वापरते, कारण त्यातच सगळे आले. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी ६ वाजता सराव असतो. रविवारी ठेवत नाही. शिकवायला तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार येतात. मुले त्यांना उस्ताद म्हणतात.

उस्तादांची एक तक्रार वर्षभर चालू होती. "बाई, पोरं पहिल्या हाफला वाघ, दुसऱ्या हाफला शेळ्या." आणि ते खरे होते. एका स्पर्धेत आपण मध्यंतराला दोन गोलांनी पुढे होतो आणि सामना २-३ असा हरलो. शेवटची पंधरा मिनिटे आपली मुले चालत होती. चेंडू समोरून जात होता आणि ती नुसती बघत होती. प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणाले, "आदिवासी पोरं आळशी असतात." त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले आणि एकेकाला विचारले, काल संध्याकाळपासून सामन्यापर्यंत काय काय खाल्ले? उत्तरे अशी होती. रात्री भात आणि पातळ वरण, सात वाजता. सकाळी कोरा चहा. कोणी चहाबरोबर दोन खारी. कोणी बसस्टॅंडवर अर्धा वडापाव, अर्धा मित्राचा. एकाने पाच रुपयांचे कुरकुऱ्यांचे पाकीट. चार जणांनी काहीच नाही. सामना साडेदहाला होता. म्हणजे रात्रीच्या त्या भातानंतर पंधरा तासांनी ही मुले धावत होती.

आता यात आळस कुठे आहे ते मला दाखवा.

शरीराचा हिशेब अगदी साधा आहे. आपण भात-भाकरी खातो तिची साखर होते, आणि ती साखर स्नायूंत आणि यकृतात साठवली जाते. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. जोरात पळण्यासाठी स्नायूंना हेच जळण लागते. रात्रभर झोपेत यकृतातला साठा बराचसा संपतो, म्हणून सकाळी खाल्ले नाही तर माणूस लवकर गळतो. १९७३ साली बेंग्ट साल्टिन या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने फुटबॉलपटूंचे स्नायूच तपासले. ज्यांचा साठा सुरुवातीला कमी होता ते इतरांपेक्षा कमी अंतर पळाले आणि त्यातलेही बरेचसे चालून काढले. उस्तादांना मी हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे टाकी अर्धी भरून गाडी घाटात घातली." मला त्याहून चांगले सांगता येणार नाही.

टाकीत किती लागते? मध्यम सराव करणाऱ्या खेळाडूला दर किलो वजनामागे दिवसाला ५ ते ७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात, असे खेळाडूंच्या आहाराचे जाणकार सांगतात. आपला मुलगा ४० किलोचा धरा. म्हणजे २०० ते २८० ग्रॅम. एका मध्यम भाकरीत साधारण ४० ग्रॅम असतात. तेव्हा भाकऱ्यांच्या मापाने बोलायचे तर दिवसाला पाच ते सात. ही मुले भाकरी मोजूनच खातात, पण दोन. कारण घरात तेवढ्याच असतात. वसतिगृहात भात पोटभर मिळतो, पण त्याच्याबरोबर डाळ नावाला असते आणि सकाळी सहाला स्वयंपाकघर बंद असते.

आता आपल्यातले कोणी म्हणतील, मग या मुलांना डब्यातली प्रोटीन पावडर देऊ. गेल्या वर्षी एका सज्जन देणगीदारांनी तसा एक डबा दिलाही. त्यांचे मन मोठे आहे, मी त्यांचे आभार मानले. पण तो दोन-अडीच हजारांचा डबा ३२ मुलांत आठवडाभरही पुरला नाही, आणि तो संपल्यावर मुलांना वाटू लागले की खेळाडूचे अन्न ते, आपले अन्न ते नव्हे. हे मला त्या डब्याच्या किमतीपेक्षा जास्त महाग वाटले.

कारण लाजेची गोष्ट आधीच होती. सुरुवातीला सरावानंतर मुले डबे उघडत तेव्हा नागलीची भाकरी आणणारी मुले झाडामागे जाऊन खात. का, तर भाकरी काळी दिसते. कॅम्पातली इतर मुले पाव-जॅम खात होती. एका मुलाने तर मला सांगितले, "ताई, मला भूक नाही," आणि डबा तसाच घरी नेला. भूक होती. भाकरी काळी होती.

त्या नागलीचे काय आहे ते ऐका. १०० ग्रॅम नागलीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. वाढत्या वयात, खड्डेखुड्डे असलेल्या मैदानावर पडणाऱ्या-आपटणाऱ्या हाडांना याहून काय हवे? नागली हळू पचते, पोटात टिकते. पाड्यावरचे जुने जेवण बघा. नागलीची भाकरी, उडदाचे वरण, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात रानभाज्या आणि नदीचे खेकडे-मासे. धान्य आणि डाळ एकत्र आली की एकातली उणीव दुसरे भरून काढते. हे जेवण गरिबाचे आहे, पण कमी प्रतीचे नाही. कमी पडते ते प्रमाण, आणि वर्षातले काही महिने. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. मी मुलांना तिचे छायाचित्र दाखवते आणि विचारते, हिचा पाडा कोणता? तुमच्यापासून किती लांब?

कोल्हापुरात पहा. तिथल्या पेठांतल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने बघायला माणसे लोटतात. हे बहुतेक हौशी खेळाडू, कोणी नोकरी करणारे, कोणी कॉलेजचे. पण तालमीमुळे त्यांच्याकडे एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, खुराक. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पैलवानाचा खुराक फुटबॉलपटूला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि सामन्याच्या दिवशी मटण-तूप खाऊन उतरला तर त्याला धाप लागणारच. तूप-मटण पचायला वेळ घेते. पण मेहनत करणाऱ्याच्या ताटाची चिंता गल्लीने करायची, हा जो रिवाज आहे ना, तो मला आपल्या मंडळीत हवा आहे.

आता मुलींविषयी. इथे मला थोडे थांबायचे आहे.

घरोघरी मुलगी शेवटी जेवते, हे मी आपल्याला सांगायला नको. आपल्या ख्रिस्ती घरांतही हे पुरते गेलेले नाही. भगिनीमंडळातल्या बायका हसत आहेत, म्हणजे खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळले. मुलग्यांत हेच प्रमाण ३१ टक्के. रक्त कमी म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी. अशी मुलगी कितीही जिद्दीची असली तरी तिचा दम लवकर तुटतो.

आपली एक बचावपटू आहे, पंधरा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात सरावात ती दोनदा बसली. तिसऱ्यांदा कोसळली. घरचे म्हणाले, बाहेरची बाधा आहे, खेळ बंद करा. आम्ही तिला दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन ८ च्या खाली होते. पुढच्या तपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली. आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. ज्याला तो आजार पूर्ण आहे त्याच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. नुसता वाहक असलेला माणूस एरवी धडधाकट असतो, खेळूही शकतो. पण उन्हात, पाण्याशिवाय, एकदम जीव तोडून पळवले तर त्यालाही धोका असतो. या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत याची तपासणी होते. आम्ही सगळ्या ३२ जणांची करून घेतली. आता कोणाला किती पळवायचे, कोणाला कधी सावलीत बसवायचे, हे उस्तादांच्या खिशातल्या कागदावर लिहिलेले असते. आणि कृपा करून कोणीही परस्पर लोहाच्या गोळ्या वाटू नका. ज्याला सिकलसेल आहे त्याला त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

ती मुलगी औषधोपचार घेत आहे. जेवणाबरोबर लिंबू, आठवड्यात अंडी, पालेभाजी, आणि जेवल्यावर लगेच चहा नाही. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्यामुळे जास्त लागते. चहा बंद करताना तिच्या घरातल्या आजीशी माझे जे भांडण झाले ते इथे सांगत नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिला हळूहळू खेळायला परवानगी दिली.

पाण्याचेही तसेच. देवळालीचे ऊन काही नवे नाही. इंग्रजीत डोके फिरलेल्याला "डूलॅली" म्हणतात, तो शब्द आपल्याच गावाच्या नावावरून गेला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे खोळंबलेल्या गोऱ्या सोजिरांची ती अवस्था. आमची मुले मात्र सामन्यात पाणी पीत नसत, कारण पाणी प्यायले की पोटात दुखते असे कोणीतरी सांगितलेले. एकदम लोटाभर प्यायले तर दुखेलच. आता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. उन्हाच्या दिवशी जास्त घाम गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे घरचे जीवनजल. दुकानातली रंगीत "एनर्जी" पेये आम्ही बंद केली आहेत. त्यांच्या डब्यावरच लिहिलेले असते की मुलांसाठी नाही, पण ते अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही मला दोनदा वाचावे लागले.

तर आम्ही जूनपासून काय करतो ते सांगते. सरावाच्या दिवशी सकाळी साडेपाचला नागलीची पेज, गूळ घालून, पेलाभर. पातळ असते, पोटाला जड होत नाही. ती एका खेळाडूची आई करते, आणि तिला आम्ही त्याचे पैसे देतो. फुकट करून घेत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासात मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक केळे. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम, त्यात सात-साडेसात ग्रॅम प्रथिने, एका अंड्याहून थोडी जास्तच. शनिवारी उकडलेले अंडे. सामन्याच्या दिवशी तीन तास आधी नेहमीचे जेवण, भाकरी किंवा भात आणि घट्ट वरण. तेलकट, तिखट नाही. मिसळ सामना जिंकल्यावर. नाशिककरांना एवढे तरी दिले पाहिजे.

डबे आता झाडामागे उघडले जात नाहीत. उस्तादांनी एक दिवस स्वतःच्या घरून नागलीची भाकरी आणून मैदानाच्या मधोमध बसून खाल्ली. काही बोलले नाहीत. तेवढे पुरले.

निकाल काय लागला? संघ अजून हरतो. पण गेल्या दोन सामन्यांत शेवटच्या मिनिटापर्यंत अकराच्या अकरा पळत होते, आणि एक बरोबरी आपण शेवटच्या पाच मिनिटांत साधली.

उपवासकाळाविषयी एक विनंती. संघातली काही ख्रिस्ती मुले सामन्याच्या दिवशीही उपास धरतात आणि घरचे कौतुक करतात. वाढीच्या वयात, रक्त कमी असताना, उन्हात नव्वद मिनिटे पळणाऱ्या मुलाने निर्जळी उपास करावा असे शास्त्र सांगत नाही. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास कोणता ते आहे. आपल्या ताटातली भाकरी भुकेल्याला वाटून देणे. मोठ्यांनी तो करावा, मुलांनी जेवावे. आपल्या संघातली बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत. पेज वाढताना आम्ही ते विचारत नाही.

आता मागणे. ३२ मुले, आठवड्यातून तीन सराव. शेंगदाणे आठवड्याला तीन किलो, महिन्याला बारा-तेरा किलो. केळी आठवड्याला आठ डझन. शनिवारची ३२ अंडी. नागलीचे पीठ महिन्याला पंधरा किलोच्या आसपास, गूळ पाच-सहा किलो. एवढेच आहे. वाढदिवसाला क्रीमची बिस्किटे आणि चिप्स आणून वाटण्याची आपली पद्धत आहे. मुलांना आवडतात, मलाही आवडतात. पण त्याऐवजी त्या दिवशीची अंडी आपल्या नावावर घ्या. हंगामाच्या सणाला आपण धान्य, फळे, कोंबड्या अर्पण म्हणून आणतो आणि मग लिलाव करतो. यंदा पाळकसाहेबांनी मान्य केले आहे की नागली, उडीद आणि शेंगदाणे लिलावात जाणार नाहीत, ते थेट संघाच्या कोठीत जातील. शक्यतो नागली पेठ-त्र्यंबकच्या शेतकऱ्यांकडून घ्या. आमच्याकडे चार घरांची नावे आहेत. त्यातली दोन आपल्याच खेळाडूंच्या आईबापांची आहेत. त्यांची नागली इथे चांगल्या भावाने विकली गेली तर यंदा त्यांना द्राक्षबागेवर महिनाभर उशिरा गेले तरी चालेल, आणि मुले तेवढे दिवस घरी जेवतील.

मागच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. महिना आणि वस्तू अशा दोन रकाने आहेत. ऑगस्टची केळी आणि ऑक्टोबरची अंडी अजून कोणी घेतलेली नाहीत. मघाचे वडील म्हणत आहेत, केळी त्यांची. तर ऑक्टोबर उरला.